फॉरमॅट न मारता विंडोज नव्यानं टाकायचं असेल तर

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी गेल्या महिन्यात सीपीयू घेऊन आले. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभा केलेला, वरून गोणपाट गुंडाळलेलं. टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, "लई हँग व्हायलंय. फॉरमॅट मारून टाका एकदाचं. पण डेटा हाय तसा ऱ्हायला पायजे बघा, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या हायत त्यात."

सांगलीच्या विश्रामबागेत मी चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पाटी पुसा पण अक्षरं तेवढी राहू द्या, असं कसं होणार? लोकांना खरं हवं असतं ते विंडोज नव्यानं बसवणं, आणि त्यासाठी पुसापुशी बहुतेक वेळा लागतच नाही. घरच्या घरी, पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं. बटणं दाबायला कुणालाही येतात. आपलं सामान नेमकं कुठं पडलंय हे मात्र सांगता येत नाही, आणि माणूस घसरतो तो तिथंच. म्हणून या लेखात बटणांपेक्षा सामानाबद्दल जास्त लिहिलंय.

आधी झाकण उघडून बघा

दिवाणजींच्या सीपीयूचं झाकण काढलं तर आत पिवळंधमक. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांना हळदीचा थर, खालच्या हीट सिंकच्या फटी पार बुजलेल्या. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि समोर बसलेल्याला वाटतं विंडोज बिघडलं. ब्रशनं थर काढला, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारला, नवी थर्मल पेस्ट लावली. निम्मी तक्रार तिथंच मिटली. तुमच्याकडं हळद नसेल, पण धूळ सगळीकडंच असते.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात काही न करता सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर विंडोज कितीदाही नवं टाका, चार दिवसांत पुन्हा तेच. आणि डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर हात आवरा. अशा डिस्कवर काहीही टाकायचं नाही. तिचे श्वास मोजलेले असतात, ते आपल्या फाइल बाहेर काढण्यात घालवायचे.

फिरती डिस्क असलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: नवी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, तिच्यावर विंडोज टाका, आणि जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून तिच्यातून हव्या त्या फाइल निवांत उचला. जुन्या डिस्कला बोटही लागत नाही, त्यामुळे चुकायची भीतीच नाही. पैसे जातात हे खरं, पण मशीनही पळायला लागतं.

एक गोष्ट विंडोज १० वाल्यांसाठी. मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तेव्हा नव्यानं टाकायचंच आहे तर मशीन झेपत असेल तर ११ टाका. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन चालू होतानाची सुरक्षेची सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा.

सामान कुठं कुठं पडलंय

"सी ड्राइव्हवर माझं काही नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे." हे ऐकलं की मी खुर्ची पुढं ओढतो. डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो. सी उघडा, त्यात यूजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स असे सगळे एका ओळीत बसलेले दिसतील. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं मशीन सुरू केलं असेल तर फोल्डरला तुमचं पूर्ण नाव नसतं, ईमेलची पहिली पाच अक्षरं असतात. गोंधळू नका, ते तुमचंच.

आता याच फोल्डरमधल्या फाइलींच्या शेजारी छोटी चित्रं दिसतायत का बघा. हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल खरंच डिस्कवर आहे. निळा ढग असेल तर फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटात आहे आणि तुमच्याकडं फक्त नावाची पाटी. ढगवाली फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायला गेलात तर ती आधी इंटरनेटवरून उतरावी लागते, आणि नेमका त्या वेळी नेटनं दम सोडला की काम अर्धवट. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत थांबा. उलटंही होतं: वनड्राइव्हची फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की पुढच्या फाइल वर जायच्याच थांबतात आणि माणूस मात्र "माझं सगळं क्लाउडवर आहे" म्हणून निर्धास्त.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ते उघडून कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा मार्ग वाचावा आणि कागदावर लिहून घ्यावा. तो सी ड्राइव्हमधल्या यूजर्सच्या पब्लिक फोल्डरात असू शकतो, थेट सीमध्येही असू शकतो, कुणी शहाण्यानं डीमध्ये हलवलेलाही असू शकतो. आत १०००० किंवा तसल्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतात, एकेक कंपनीचं एकेक. टॅली बंद करून अख्खं डेटा फोल्डर उचलायचं. टॅलीचं लायसन्स असेल तर आधी ते टॅलीतूनच सरेंडर करा, म्हणजे नव्या विंडोजवर परत चालू करताना कटकट होत नाही. दिवाणजींचा डेटा तीन ठिकाणी निघाला. चालू वर्षाचा एकीकडं, मागच्या दोन वर्षांचा दुसरीकडं, आणि डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर २' मध्ये एक अनाथ बॅकअप.

ब्राउझरमधले पासवर्ड हा नव्या माणसाला न दिसणारा खड्डा आहे. क्रोमचं फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवलं तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते त्या जुन्या विंडोजच्या तुमच्या खात्याशी बांधून कुलूपबंद केलेले असतात. म्हणून जुनं विंडोज जिवंत आहे तोवरच गूगल खात्याशी सिंक चालू करा, नाहीतर सेटिंगमधून पासवर्ड फाइलमध्ये काढून घ्या. ती फाइल उघड्या अक्षरात असते, काम झालं की लगेच पुसा.

जीएसटी किंवा इन्कम टॅक्ससाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याची चिंता सोडा. सही त्या पेनड्राइव्हसारख्या टोकनच्या आत असते. विंडोज बदललं तरी फक्त टोकनचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो. आउटलुक वापरणाऱ्यांनी डॉक्युमेंट्समधलं 'आउटलुक फाइल्स' फोल्डर घ्यावं.

आणि फॉन्ट. हे मी स्वतः चटका खाऊन शिकलो.

धंद्यात नवा होतो. हरभट रोडच्या बाजूला लग्नपत्रिका करणाऱ्या एकाचं मशीन आलं होतं, ऐन वैशाखात. त्यांच्या सगळ्या पत्रिका डी ड्राइव्हवर. मी मोठ्या ऐटीत सी साफ केला, विंडोज टाकलं, डी ड्राइव्ह उघडून दाखवला. "बघा, एक फाइल इकडची तिकडं नाही." त्यांनी पहिली पत्रिका उघडली. गणपतीचं चित्र जागेवर, फुलांची वेलबुट्टी जागेवर, आणि 'श्री गणेशाय नमः' च्या ठिकाणी इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, उलटे-सुलटे कंस. खालच्या वधूवरांची तीच गत. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

झालं असं होतं, की युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) रुळायच्या आधीचे मराठी फॉन्ट एक युक्ती करायचे. इंग्रजी अक्षराच्या कोडवर मराठी अक्षराचा आकार बसवायचे. फाइलमध्ये साठवलेला असतो तो नुसता कोड. तो विशिष्ट फॉन्ट मशीनवर असेल तर 'क' दिसतो, नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाइल जिवंत, पण वाचणारा डोळा गेला. आणि ते फॉन्ट राहत होते सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये, जो मी साफ केला होता. दोन दिवस त्यांच्या दुकानातल्या जुन्या सीड्या धुंडाळण्यात गेले तेव्हा कुठं काम सुरू झालं.

सांगली-मिरजेतली कितीतरी डीटीपीची दुकानं, ग्रामपंचायतींच्या जुन्या फाइली, शाळांचे दाखले, संस्थांचे अहवाल अजून या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तुमची फाइल त्यातली आहे का हे ओळखायला मराठी मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टचं नाव वाचा. निर्मला किंवा मंगल असेल तर युनिकोड, काळजी नाही. श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी असं काही असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जाऊन त्या नावाचे सगळे फॉन्ट वेगळ्या फोल्डरात कॉपी करा. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्याची सीडी, की आणि डोंगल हाताशी आहे ना हे आत्ताच बघा. नंतर नाही.

एक प्रत मशीनच्या बाहेर

पुढची कुठलीही वाट घेतलीत तरी हे करायचंच. आणि डी ड्राइव्ह म्हणजे बाहेर नव्हे. सी आणि डी बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर माझ्याकडं जी मशीन आली त्यातल्या एकाचा बॅकअप रीतसर घेतलेला होता. यूएसबी डिस्कवर, दर शनिवारी. ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेली होती. खण उघडला तर गाळ.

यूजर्समधलं तुमचं फोल्डर, टॅलीचा डेटा, फॉन्ट आणि जे काही वर सापडलं ते सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग मूळ फोल्डर आणि प्रत दोन्हीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळते का बघा. शेवटी ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइल प्रत्यक्ष उघडा. हा शेवटचा भाग सगळे टाळतात.

बटणाला हात लावण्याआधी

लॅपटॉप असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन. हे चालू असेल तर डिस्कला कुलूप आहे आणि त्याची किल्ली ४८ आकड्यांची आहे. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण कुणाच्या खात्यात? लॅपटॉप घेतला तेव्हा पुतण्यानं किंवा दुकानातल्या पोरानं स्वतःचा ईमेल टाकून चालू करून दिला असेल तर किल्ली त्याच्याकडं. तो पुण्याला नोकरीला गेलाय आणि त्यालाही हे माहीत नाही, असं मी पाहिलंय. आकडे कागदावर उतरवून घ्या, नाहीतर एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण सुटेपर्यंत थांबा.

सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथं विंडोजची जात (एडिशन) वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असतं. नवं टाकताना तीच जात टाकलीत तर लायसन्स आपोआप ओळखलं जातं, कारण ते त्या मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' म्हणून पुढं जायचं. इंटरनेटवरचे फुकट 'अ‍ॅक्टिव्हेटर' उतरवू नका. त्यांच्या पोटात काय येतं ते साफ करण्यातच माझे निम्मे रविवार जातात.

चार्जर लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालतोय का हे प्लग काढून तपासा. अर्ध्यात लाइट गेली तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

वाट पहिली: विंडोज चालू आहे

मशीन सुरू होतंय, फक्त वागणं बिघडलंय, तर सगळ्यात सौम्य उपाय आधी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथं 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' अशी ओळ दिसली तर तिच्यासमोरचं 'रीइन्स्टॉल नाऊ' दाबा. फाइल राहतात, सॉफ्टवेअर राहतात, सेटिंगही राहतात. विंडोज स्वतःलाच नव्यानं उतरवून घेतं.

ती ओळ नसेल तर हेच काम आयएसओ फाइलनं (अख्खी विंडोजची सीडी एका फाइलमध्ये) होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याच भाषेची विंडोजची आयएसओ उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा, ती सीडीसारखी उघडते, आतला सेटअप चालवा. एक पडदा येईल, तिथं 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' वर खूण असली पाहिजे. तो पर्याय करडा, न दाबता येणारा दिसला तर भाषा किंवा जात जुळलेली नाही. तिथंच थांबा, 'कॅन्सल' करा, बरोबर आयएसओ आणा. इथं रेटून पुढं गेलेली माणसं मग माझ्याकडं येतात. सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी मोकळी जागा आधीच करून ठेवा.

दिवाणजींच्या मशीनवर मी हीच वाट धरली होती. ६३ टक्क्यांवर अडकलं, परत फिरून जुनं विंडोज आलं. दुसऱ्यांदाही तेच. अशा वेळी तिसऱ्यांदा करू नये.

वाट दुसरी: रीसेट

त्याच रिकव्हरीच्या पानावर 'रीसेट धिस पीसी' आहे. विंडोज १० वर अपडेट अँड सिक्युरिटीच्या आत. दाबलं की दोन पर्याय: 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पहिला. मोठ्यानं वाचा आणि मग दाबा.

'फाइल्स' म्हणजे काय हे मात्र समजून घ्या. डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप राहतं. तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर सगळी जातात: टॅली, ऑफिस, मराठी टायपिंग, प्रिंटरचे ड्रायव्हर, अँटिव्हायरस. काय काय गेलं त्याची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवून देतं, तेवढा सज्जनपणा आहे. अँटिव्हायरसची आणि ऑफिसची की आधी लिहून ठेवली नसेल तर ती यादी वाचून फक्त हळहळता येतं.

पुढं विचारतं, 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल'. क्लाउड म्हणजे ताजं विंडोज इंटरनेटवरून येतं, ४ जीबीच्या वर डेटा खातं. लोकल म्हणजे मशीनवरच्याच तुकड्यांतून पुन्हा बांधणं. विंडोजच्याच फाइल सडलेल्या असतील तर त्याच विटांनी पुन्हा भिंत कशाला? घरात वायफाय असेल तर क्लाउड घ्या. मोबाइलचा रोजचा दीड जीबीवाला पॅक असेल तर लोकल.

वाट तिसरी: पेनड्राइव्ह

वरचं काही चाललं नाही तर. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना बघा. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यानं पेनड्राइव्ह तयार करा. मग बिघडलेल्या मशीनला लावून चालू करताना बूट मेन्यूची कळ सारखी टिचकत राहायची. एचपीला एफ ९, डेल आणि लेनोव्होला एफ १२, एसूसच्या लॅपटॉपला बहुधा एस्केप.

डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर या क्षणी दुसरीची केबल काढून ठेवा. सेटअपच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात आणि घाईत माणूस आकडे वाचत नाही.

पेनड्राइव्हवर विंडोज ११ ची अलीकडची आवृत्ती असेल तर सुरुवातीलाच एक चौकट येते, जी म्हणते की सगळं पुसलं जाईल याला मी तयार आहे. तिच्यावर खूण करू नका. खालच्या कोपऱ्यात 'प्रीव्हियस व्हर्जन ऑफ सेटअप' अशी बारीक ओळ असते, ती दाबा. मग ओळखीचा जुना सेटअप येतो. त्यात 'कस्टम' निवडा.

आता आला तो पडदा. डिस्कचे तुकडे एकाखाली एक मांडलेले असतात. एक शंभर-दोनशे एमबीचा, एक १६ एमबीचा, एखादा 'रिकव्हरी' लिहिलेला, आणि मग मोठे. मोठ्यांतला कुठला सी आणि कुठला डी हे इथं नावानं कळेलच असं नाही, मापानं ओळखायचं. म्हणून आधीच सीचं माप कागदावर लिहिलेलं असलं की बरं. सी निवडा आणि थेट 'नेक्स्ट'. खाली 'डिलीट' आणि 'फॉरमॅट' ही दोन बटणं आहेत, त्यांच्याकडं बघायचंही नाही. सांगलीभर जो 'फॉरमॅट' शब्द आपण इतक्या सहज वापरतो, तो खऱ्या अर्थानं फक्त या एका बटणात राहतो.

बरोबर केलं असेल तर एक सूचना येते: या जागेत आधीच्या विंडोजच्या फाइल असतील तर त्या 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरात हलवल्या जातील. ही सूचना आली म्हणजे तुम्ही वाटेवर आहात. 'ओके'. ती आलीच नाही तर मागं फिरा, चुकीच्या कप्प्यावर उभे आहात.

नव्या लॅपटॉपवर कधी कधी या यादीत डिस्कच दिसत नाही, रिकामा पडदा. घाबरू नका, डिस्क मेलेली नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपना डिस्क ओळखायला इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो उतरवून पेनड्राइव्हवर सुटा करून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'नं दाखवा.

फाइली उतरल्या की मशीन स्वतःच बंद होऊन सुरू होतं. या वेळी "प्रेस एनी की" आलं तरी काहीही दाबू नका. दाबलंत तर पेनड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून सेटअप काढतो आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता.

विंडोज सुरूच होत नाही आणि प्रत घेतलेली नाही

रात्री अकराला फोन येतो तो याचाच. याला एक जुनी युक्ती आहे. तोच विंडोजचा पेनड्राइव्ह लावून सेटअपचा पहिला पडदा येऊ द्या. शिफ्ट आणि एफ १० दाबा, काही लॅपटॉपवर एफएन सोबत. काळी खिडकी उघडते. तिच्यात नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर. नोटपॅडच्या फाइल मेन्यूतून 'ओपन' घ्या आणि खाली 'ऑल फाइल्स' करा. ही साधी फाइल उघडायची चौकट आता तुमचा एक्सप्लोरर आहे. तिच्यातून यूजर्समधलं तुमचं फोल्डर शोधा, राइट क्लिक करून कॉपी, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथं डी म्हणून दिसेल. आणि कॉपी होताना हिरवी पट्टी वगैरे काही येत नाही, चौकट नुसती गोठल्यासारखी दिसते. गोठलेली नाही. चहा करून या. बिटलॉकर असेल तर मात्र आधी ती ४८ आकड्यांची किल्ली लागणारच.

नंतर

पेनड्राइव्हच्या वाटेनं आला असाल तर डेस्कटॉप रिकामा दिसेल आणि पोटात खड्डा पडेल. सी ड्राइव्ह, विंडोज.ओल्ड, यूजर्स, तुमचं जुनं नाव. उघडताना परवानगी नाही असं म्हणेल, 'कंटिन्यू' दाबा. तिथून डॉक्युमेंट्समधलं डॉक्युमेंट्समध्ये, डेस्कटॉपचं डेस्कटॉपवर असं उचलून ठेवा. उद्यावर टाकू नका, कारण विंडोज हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी स्वतःच काढून टाकतं. अ‍ॅपडेटा हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगचं फोल्डर अख्खं आणू नका, जुना कचराही सोबत येतो.

वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा, नेट मिळतं, मग विंडोज अपडेट बाकीचे ड्रायव्हर आणतं. मराठीसाठी टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी जोडा. जुने फॉन्ट निवडून राइट क्लिक करा आणि 'इन्स्टॉल'.

दिवाणजींचं मशीन शेवटी तिसऱ्या वाटेनं झालं. न्यायला आले तेव्हा टॅली उघडून दिली, तिन्ही ठिकाणचा डेटा एका जागी लावून. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. खिशातून घडी घातलेली एक पट्टी काढली, आदल्या शनिवारची, आणि पडद्यावरच्या वजनाशी, हमालीशी, तोलाईशी बोट फिरवत जुळवत बसले. शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं.

"बराबर हाय. आता त्यो जुना ठकठक्या प्रिंटर चालतोय का बघा."

चालत नव्हता. त्याचा ड्रायव्हर राहिला होता.